खिचडीबाई आणि रिकामा कप

खिचडीबाई आमच्या बालवाडीत मदतनीस होती, पण पोरांशी ती चुकूनही खेळली नाही. पोरं खेळात रमली की ती पाठ करून बसायची. रागानं नव्हे, कोणी कपडे बदलत असलं की आपण तोंड फिरवतो ना, तशी.

मी चंद्रपुरातून जिवतीच्या पहाडावर, गोंडांच्या गुड्यात, म्हणजे वस्तीवर, बालवाडीची बाई म्हणून गेले. वय बावीस, अक्कल सव्वादोन. सोबत प्लास्टिकची भातुकली, निळ्या डोळ्यांची बाहुली आणि एक छापील तक्ता: मूल खोटं खोटं खेळतं का? हो किंवा नाही.

खिचडीबाईची नात जंगू चार वर्षांची. मी तिला रिकामा कप दिला. "पी, चाय पी." तिनं कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कप पालथा घातला. मी सुर्र करून पिऊन दाखवलं, नसलेल्या मिशा पुसल्या, बाहुलीला भरवलं, अंगाई गायले. त्या दिवशी अख्ख्या बालवाडीत खेळत होते ती मी एकटीच! तक्त्यात लिहिलं: नाही. शेरा: मंद.

खिचडीबाईला चुलीपाशी हसू आवरेना. "मॅडम, रिकामा कप पुढं केला का पाव्हना उठून जाते. पोट्टी बसून तरी राह्यली. तिले वाटलं, तुलेच काई झालं."

मला ते पटलं नाही. आठवड्यानं नाल्यावर जंगू दिसली. फडक्यात भोपळा गुंडाळून पाठीला बांधलेला. तो रडतोय म्हणून ती त्याला थोपटत होती, गोंडीत दटावतही होती. मी मूर्खासारखी टाळ्या वाजवत पुढे झाले. खेळ जागीच मेला.

"मोठ्यायनं तिकडं जाऊ नाई," खिचडीबाई म्हणाली. "ते त्यायचं हाय." मग हळूच, "तेवढं कागदातलं 'मंद' काट."

तोवर तक्ता वर गेला होता. अर्ज करते म्हटलं. जंगू पहिलीत गेली तरी तो राहूनच गेला; मग माझं लग्न ठरलं, आणि जंगूच्या शेऱ्यापेक्षा शालूचा रंग मोठा झाला. निघताना खिचडीबाईनं चारोळीची पुडी हातात दिली. "शाळेत तिले मांगं बसवून राह्यले. काटशीन ना?"

"काटते," म्हणाले. काटलं नाही.

परवा, इतक्या वर्षांनी, जंगू पत्ता शोधत घरी आली. कोरपना तालुक्यात कापूस वेचते. आजी कधीच गेली, म्हणाली. सोबत तीन वर्षांची लेक. ती माझ्या चपलेला मांडीवर घेऊन झोपवत होती.

"मॅडम, इले आता बालवाडीत टाकाचं हाय. हे बी माह्यासारखी मंदच निंगन काय?"

"तू मंद नव्हतीस गं. चूक माझी होती. मीच लिहिलं ते."

म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तशी ती हसली. "राहू द्या मॅडम. कागदात होतं."

आणि "मॅडम पाहून राह्यल्या" म्हणत तिनं लेकीच्या मांडीवरची चप्पल काढून घेतली.