कवेलूंवरचं ऊन

सूर्याला कामाला लावणारा माणूस साऱ्या झाडीपट्टीत एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. आपण उन्हाला सांगून सांगून काय काम सांगतो? पापड वाळव, गोधडी तापव. एवढ्या मोठ्या ताकदीला एवढंसं काम, हे साडूंच्या फार मनाला लागायचं. सावली नावाच्या गावच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि दर रविवारी वडशाला आमच्याकडे यायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत निळ्या पाण्याची बाटली. आल्या आल्या पाणी पिण्याआधी ती बाटली अंगणात ठेवायचे. "राहतात सावलीला अन् जीव सारा उन्हात," असं माझी बायको म्हणायची, तर ते खूश व्हायचे.

लग्नकार्यात सारे मांडवाच्या आत सरकत, हे बाहेर सरकत. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात, भर मे महिन्यात, त्यांनी मांडवाबाहेर निळ्या-गुलाबी बाटल्यांची रांग लावली आणि रुमाल डोक्यावर टाकून तिथंच बसले. मुलीकडच्या म्हाताऱ्यांना वाटलं, आपल्याकडून एखादा मान राहून गेला. बिचारे हात जोडून आले. मार्कंड्याच्या जत्रेत तर कहरच. सारं गाव दर्शनाच्या रांगेत, आणि हे वैनगंगेच्या रेतीत बाटलीसमोर मांडी घालून. एका बाईला वाटलं, नवस असेल. तिनं बाटलीपुढं फूल वाहिलं, कुंकवाचं बोट पुढं केलं. साडू शांतपणे म्हणाले, "कुंकू लावा बाई, पण सावली नका पाडू."

त्या बाटलीत रंगाचं पाणी आणि त्यांची भुकटी असायची. मोहाच्या पानांचा काढा करायचा, त्यात जस्ताचं मीठ घालून आटवायचं आणि कॉलेजच्या भट्टीत भाजायचं. काढा मात्र घरी, म्हणून त्यांच्याकडच्या चहाला कायम झाडपाल्याचा वास. मेव्हणीनं भांडी लपवून पाहिली, शेवटी माहेरचं एक पातेलं त्यांच्या नावानं सोडून दिलं. भाजून निघायची पांढरी, मऊ भुकटी. ती किती बारीक, हे त्यांनी मला माझ्याच नाटकाच्या धंद्यातून समजावलं. "तुह्या नटाच्या तोंडावरच्या पावडरीचा एक कण घे. तो फोडत जा, फोडत जा. तुले कंटाळा येईल, तिथून पुढं माह्यी भुकटी सुरू होते." आणि ती करते काय? "ऊन एकटंबी रंग खाते, पण त्याले लई वेळ लागते. हाताखाली ही भुकटी देली, का रंगाचे तुकडे तुकडे करते." मी मान डोलवायचो. कळायचं निम्मंच.

माझा धंदा रंगवायचा. दिवाळी झाली की वडशातून नाटक कंपन्या गावोगाव निघतात, त्यांचे पडदे आणि राजा-राणीचे पोशाख मी रंगवतो. रंगाचं पाणी परसातल्या नालीतून शेजारच्या बाईच्या बोडीत जायचं. बोडी म्हणजे शेताच्या कडेचं छोटं तळं. त्यात बाईचे मासे, त्यात तिचे शिंगाडे, त्यावर तिचं घर चालायचं. त्या वर्षी बोडीला गुलाबी फेस आला आणि बाजारात तिचे शिंगाडे कोणी हातात घेईना. बाई माझ्या दारात उभी राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं, ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "तुह्या रंगानं माह्या पोटावर पाय देऊन राह्यला तू. दिवाळीच्या आत बंद कर, नाई त मी नगरपालिकेत जाईन." तिचं काय चुकलं होतं? पण रंग बंद म्हणजे माझी चूलही बंद.

साडूंना सांगितलं, तर त्यांचे डोळे चमकले. भुकटी मोकळी पाण्यात सोडायची नाही, ती माशांना बाधेल, असं त्यांनी आधीच बजावलं. बाईच्या घरावर नवे टिन चढले होते, जुनी कवेलू, म्हणजे मातीची कौलं, कोपऱ्यात पडली होती. साडूंनी प्रत्येक कवेलूवर भुकटीचा लेप दिला, पुन्हा भट्टीत भाजून पक्का केला. परसात उथळ टाकं बांधलं, तळाशी कवेलू मांडली, वर माझं गुलाबी पाणी सोडलं. "आता आपण काई नाई करायचं. ऊन करते," म्हणाले आणि सावलीला गेले. मी कंपन्यांच्या मालकांना थोडं थांबा म्हणत गावोगाव हिंडत राहिलो.

पुढच्या रविवारी आलो, तर पाणी तस्संच गुलाबी. साडू टाक्याच्या काठावर बसलेले, पिशवी खांद्यालाच. जेवायला उठेनात. "कॉलेजात होते, इथी काऊन नाई होत?" एवढंच पुन्हा पुन्हा. त्या माणसाला असं विझलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला धंद्यापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

तेवढ्यात बाई आली. काखेत नाटकाचा जुना फ्लेक्स. वडशात नाटकाचा फ्लेक्स कोणी फेकत नाही, आमची तणसं आणि सरपणं बारा महिने नायक-नायिकांच्या चेहऱ्यांखाली झाकलेली असतात. बाईनं सवयीच्या हातानं तो टाक्यावर पसरला आणि कडेला दगड ठेवू लागली.

"बाई, काय करून राह्यल्या?"

"झाकून राह्यली. रोजच झाकतो. एखादं गोऱ्हं तोंड घालन्, मरन् बिचारं. तुमचं औषध हाये ना त्याच्यात?"

माझ्या बायकोला वाटलं होतं, भाऊजींनीच सांगितलं असेल. म्हणजे आठवडाभर साडूंचा सूर्य एका मिशीवाल्या नायकाच्या तोंडावर पडत होता. साडू आधी बाईकडे बघत राहिले, मग जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले. बाईचा चेहरा पडला. ते उठून तिच्याजवळ गेले. "झाका बाई, रोज झाका. पण माशाच्या जाळ्यानं झाका."

बाईनं जुनं जाळं आणलं. सकाळी उठून त्यावरची पानं वेचायची, सावली पडते म्हणून आमच्या शेवग्याच्या दोन फांद्याही तिनं तोडल्या. गुलाबी पाणी फिकं होत गेलं आणि एका दुपारी तळाची कवेलू स्वच्छ दिसली. तरी साडू पाणी सोडू देईनात. कॉलेजात तपासलं, मग रजा टाकून आमच्याकडे राहिले आणि बाईचे मासे त्या पाण्यात ठेवून त्यांच्याकडे परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखे बघत बसले. मासे मजेत फिरताहेत अशी खात्री पटल्यावर म्हणाले, "बाई, बोळा तुम्हीच काढा." पाणी नालीत गेलं, बोडीत गेलं. बाई बराच वेळ काठावर उभी होती. दिवाळीनंतर कंपन्या माझेच पडदे घेऊन निघाल्या, आणि पुढच्या हंगामात बाईनं पहिले उकडलेले शिंगाडे साडूंसाठी राखून ठेवले.

आता साडू निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडे असतात. समोर उंच इमारत, गॅलरीत ऊन येतं न येतं तोच जातं. आम्हाला त्यांची फार आठवण येते. सकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत नाही, पोरंबाळं नाही, थेट विचारतात, "आज ऊन कसं हाये?" परवा आभाळ भरून होतं. खरं सांगावं की नको, मी घुटमळलो. बाई टाक्यावरची पानं वेचत होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"अजून नाई निघालं, भाऊ," ती म्हणाली. "पण मी सारं उघडून ठेवलं हाये."