चौकटीतल्या दोन माश्या

कीटक संशोधन केंद्रात त्यांचं खरं आडनाव फक्त हजेरीपत्रकाला ठाऊक होतं. बाकी जग त्यांना दहामिनिटे म्हणायचं. तसं आडनाव कुठे असतं का हो? पण "दहामिनिटे, चहा घेताय ना?" असं इतकी वर्षं ऐकल्यावर माणूस त्या नावाने दचकून जागाही होतो.

काम असं. लाकडाची एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट फुलोऱ्यातल्या पिकावर ठेवायची. शेजारी स्टुलावर बसायचं. दहा मिनिटं नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, आणि चौकटीतल्या फुलांवर किती मधमाश्या आल्या ते वहीत लिहायचं. दिवसाला अशा बारा चौकटी. एकतीस वर्षं हेच. या एकतीस वर्षांत दहामिनिटे एक दिवसही गैरहजर राहिले नव्हते. मुलगी झाली त्या दिवशीसुद्धा बारा चौकटी पुऱ्या करून मग दवाखान्यात गेले. बायकोने ते अजून माफ केलेलं नाही, आणि का करावं?

केंद्रात कीटकांचेही दोन वर्ग होते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळी ही शत्रुमंडळी तीन मजली इमारतीत, थंडगार काचेच्या खोल्यांत राहायची. पिकाचा सत्यानाश करणाऱ्याला एवढी बडदास्त! मधमाशी बिचारी मित्र कीटक, म्हणून तिच्या विभागाला मागच्या बाजूला एक पत्र्याची शेड. घरच्या माणसाला कोण विचारतो?

आता दोनच्या आकड्याची गोष्ट. पूर्वी केंद्रात एक निरीक्षक होता, तो घरी ताणून द्यायचा आणि वहीत शून्य शून्य लिहून मोकळा व्हायचा. तेव्हाच्या संचालकांनी परिपत्रक काढलं: 'नोंद शून्य असल्यास निरीक्षक गैरहजर समजावा.' झालं. तो निरीक्षक गेला, ते संचालक गेले, परिपत्रक मात्र भिंतीवर चिकटून राहिलं. मग ढगाळ हवेत एखादी चौकट रिकामी गेली की निरीक्षक काय करणार? दोन लिहायचे. एक लिहिलं तर वरून विचारणा, एकटीच कशी आली? तीन लिहिलं तर कौतुक करायला कोणीतरी शेतात येणार. दोन हा आकडा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. नवीन माणूस आला की जुना त्याला पहिल्याच दिवशी हे शिकवायचा, आणि दहामिनिट्यांनी तर तिघांना शिकवलं होतं. वर्षातून चार-दोन वेळा, कुणाचं काय बिघडतं?

बिघडलं ते तीन वर्षांपूर्वी. शत्रू विभागाने एक नवं औषध आणलं. मावा मरेल, मधमाशीच्या केसाला धक्का लागणार नाही, असं त्यावर छापलेलंच होतं. ते केंद्राच्या शेतात दर पंधरवड्याला फवारायला लागले. पहिल्या महिन्यात चौकटी निम्म्या रिकाम्या. दुसऱ्या महिन्यात सगळ्या. दहामिनिटे स्टुलावर बसून फुलं बघत राहायचे. फुलं उमलायची, वाट बघायची, मिटायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, हे त्यांना कळत होतं. पण गैरहजेरीचा शिक्का? एकतीस वर्षांच्या अब्रूवर? त्यांनी दोन लिहिलं. बारा वेळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा वेळा.

घरामागे त्यांच्या बायकोची काकडी-भोपळ्याची बाग होती. केंद्राचं शेत हाकेच्या अंतरावर. तिच्याकडे वेल पानांनी भरायचे, फुलं लागायची, आणि बारीक बारीक भोपळे पिवळे पडून गळायचे. शेवटी तिने मुलीचा जुना रंगाचा ब्रश शोधून काढला. रोज सकाळी सहा वाजता गुडघे टेकून नर फुलातले पराग ब्रशावर घ्यायची आणि मादी फुलाला लावायची. दुखऱ्या गुडघ्यांनी, पन्नास-साठ फुलं.

आणि रोज संध्याकाळी विचारायची, "आज किती आल्या?"

"दोन," दहामिनिटे बूट काढता काढता म्हणायचे.

"मग त्या दोघींना सांगा, घरी जाताना आमच्या भोपळ्यावरून जा म्हणावं. वाट वाकडी करावी लागणार नाही."

दहामिनिटे दुसरा बूट काढायला लागायचे.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला आणि अहवाल छापायला निघाला. तीन वर्षांचा आलेख पट्टी ठेवून मारल्यासारखा सरळ. संचालक खूश. "काय हे स्थैर्य! माशी एकाने कमी नाही, एकाने जास्त नाही!" शास्त्र शिकलेल्या माणसाला यात संशय यावा की नाही? छे! आनंद झाला. अहवाल निरोप समारंभात प्रसिद्ध होणार, आणि पुढच्या महिन्यापासून आजूबाजूच्या सगळ्या शेतांत, बागांत, परसांत तेच औषध फवारणार, असं ठरलं. घरोघर सूचनेचा कागद आला.

बायकोने चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. "'औषध मधमाश्यांना निर्धोक असल्याचे ज्येष्ठ निरीक्षकांच्या अचूक नोंदींवरून सिद्ध झाले आहे.' अहो, ज्येष्ठ निरीक्षक म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"मग माझ्याकडे एकही का येत नाही? दोन तर दोन, पण असतात ना?"

"नसतात," ते म्हणाले. "तीन वर्षं नाहीत. मी आपलं लिहितो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची घडी केली. "तिकडे वहीत काय लिहायचं ते लिहिलंत," ती हळू आवाजात म्हणाली, "पण मी इथे गुडघे घासत होते, आणि मलाही रोज संध्याकाळी तोंडावर दोन सांगत होतात?"

त्या शब्दांनी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वह्या काखोटीला मारून ते थेट संचालकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

संचालकांनी आधी पाणी मागवलं. मग हेडक्लार्कला बोलावलं. हेडक्लार्क शांत माणूस. जग बुडालं तरी कुठल्या नियमाने बुडालं ते आधी बघायचा. त्याने परिपत्रक समोर ठेवलं.

"दुरुस्ती करता येईल," तो म्हणाला. "पण दोनच्या जागी शून्य केलं की नियमाप्रमाणे तुम्ही त्या दिवशी गैरहजर. म्हणजे तीन वर्षं गैरहजर."

"अहो, पण मी रोज तिथे बसलेलो असायचो! तुम्ही स्वतः मला खिडकीतून बघायचात!"

"मी बघायचो," हेडक्लार्क म्हणाला, "पण वही काय म्हणते?"

संचालकांनी मऊ आवाज काढला. "कशाला एवढं मनाला लावून घेता? एका महिन्याचा तर प्रश्न आहे. सन्मानचिन्हही तयार होऊन आलंय." कपाटावर ते उभं होतं. पितळी पत्र्यावर कोरलेलं: 'एकतीस वर्षे, एकही दिवस गैरहजर नाही.'

दहामिनिटे त्या अक्षरांकडे बघत राहिले. आयुष्यात दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतंच त्यांच्याकडे. मुलीच्या जन्माचा दिवससुद्धा त्या एका ओळीत गेला होता. मग त्यांनी हेडक्लार्ककडून पेन मागितलं, आणि 'मी तीन वर्षे कामावर गैरहजर होतो' या वाक्याखाली सही केली.

आता गंमत बघा. माश्या मेल्या म्हणून अहवाल थांबला नसता. निरीक्षक नव्हता म्हणून थांबला. निरीक्षणच नाही तर छापणार काय? फवारणीचा कागद मागे घेतला, केंद्राच्या शेतातली फवारणीही निरीक्षक मिळेपर्यंत बंद ठेवली. समारंभ रद्द झाला. सन्मानचिन्ह शत्रू विभागातल्या कुणीतरी दार अडकवायला नेलं. चहाच्या टपरीवर लोक त्यांच्याकडे बोट दाखवून हसले, की हा तीन वर्षं फुकट झोपा काढणारा.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. "तीन वर्षं गैरहजर," ती म्हणाली. "आणि माझा डबा कोण खात होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती बागेत गेली, तेव्हा दहामिनिटे आधीच भोपळ्याच्या वेलापाशी स्टूल टाकून बसले होते. समोर चौकट, हातात घड्याळ. ती थांबली. दहा मिनिटं झाली.

"किती आल्या?" तिने विचारलं.

"एकही नाही."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पदराला खोचलेला ब्रश काढून त्यांच्या हातात दिला.

"मग स्टूल उचला आणि गुडघ्यावर या," ती म्हणाली. "कुंपणाकडची फुलं तुमची."