दारूच्या नोंदवहीतला माणूस

सोमवारी सकाळी खापा गावचा एक विणकर साड्यांचं गाठोडं घेऊन नागपूरला आला. रात्रीपर्यंत तो घरी परतला नाही.

त्या मे महिन्यातल्या नोंदी मला अजून जवळजवळ पाठ आहेत. मी तेव्हा बाजारपेठेतल्या एका ठाण्यात फौजदार होतो. आमच्या रेकॉर्डचे हवालदार गेल्या पावसाळ्यात वारले. तेव्हापासून हे एकदा लिहावं असं मनात होतं.

बुधवारी त्या विणकराची बायको ठाण्यात आली. तिने सांगितलेलं वर्णन मी उतरवून घेतलं: वय पन्नास, पांढरं धोतर, टोपी, डाव्या दंडावर गोंदण. मी शहरातल्या सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवला आणि बेपत्ता व अनोळखी प्रेतांच्या वह्या पाहायला सांगितलं. धोतर आणि टोपीवर इतकी उत्तरं आली की शिपाई दिवसभर फिरत राहिले. त्यातला एकही माणूस तो नव्हता. मग मी गोंदणाची खूण घालून पुन्हा विचारलं, तर कुठूनच उत्तर आलं नाही. इस्पितळात पाठवलेला शिपाई, नाव दाखल नाही, एवढं सांगून परत आला. एकदा जास्त मिळत होतं, एकदा काहीच नाही, आणि त्याचा अर्थ मला लावता येत नव्हता.

गुरुवारी खबऱ्याने बातमी आणली. विणकराचं एका कापड दुकानात भांडण झालं होतं आणि त्याचं गाठोडं अजून तिथेच पडलं होतं. मला वाटलं, सापडलं. दुकानाच्या दिवाणजीला आणून दोन दिवस बसवला. तो पहिल्यापासून एकच सांगत होता. एका साडीचा काठ वाकडा म्हणून ती नाकारली, त्यावर विणकर चिडला आणि गाठोडं टाकून उन्हात निघून गेला. मी दरडावलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आम्ही मापात मारत असू, माणूस नाही मारत." माझा विश्वास बसला नाही. त्याच्या घराची झडती घेतली, विहिरीत गळ टाकले. काही निघालं नाही.

बायको रोज सकाळच्या एसटीने यायची आणि बाकावर बसायची. जिवंत आहेत की नाहीत, एवढंच सांगा, असं ती म्हणायची.

पुढच्या मंगळवारी रेकॉर्डचे हवालदार मुलीच्या लग्नाच्या रजेवरून परत आले. मी काय काय शोधलं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही बाईनं सांगितलेला माणूस शोधून राहिले. पण नोंद कोणं केली असन?"

मला प्रश्न कळला नाही.

"रस्त्यावरच्या शिपायानं," ते म्हणाले. "त्याले काय माहीत, हा खाप्याचा, हा विणकर? बाहीखालचं गोंदण त्याले दिसते काय? त्याले भर दुपारी एक माणूस झुलताना दिसला, बरळताना दिसला. तो काय लिहीन?"

मी म्हणालो, प्यायलेला.

बाकावरून बायको बोलली, "ते दारूले शिवत नाहीत जी. माळकरी आहेत."

"म्हणूनच तर ती वही कोणी उघडली नाही, वं बाई," हवालदार म्हणाले.

दारूबंदीच्या केसेसची वही आमच्याच कपाटात होती. सोमवार, दुपारी अडीच. अनोळखी इसम झोकांड्या खात मिळून आला, नाव सांगत नाही, वैद्यकीय तपासणीस रवाना. सोबत इस्पितळाची चिठ्ठी टाचलेली होती: दारूचा वास नाही, ताप अतिशय, ऊन लागले आहे, दाखल केले. नोंदीखाली माझी सही होती. नोंदीच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, इतर नोंदींबरोबर मी ती न वाचता केली होती.

मी स्वतः वॉर्डात गेलो. तो शुक्रवारी वारला होता. अंगावर इस्पितळाचे कपडे होते, म्हणून प्रेताच्या वर्णनात धोतर नव्हतं, टोपी नव्हती; गोंदण कोणी लिहिलंच नव्हतं. बेवारस म्हणून अंत्यसंस्कारही उरकले होते. बायकोला मी फोटो आणि कपडे दाखवले. तिने धोतराचा काठ बोटांनी चाचपला आणि होकाराची मान हलवली.

मग तिने विचारलं, "मी आली त्या दिवशी ते जिवंत होते?"

मी हो म्हणालो.

"आणि आपण इथं बसून होतो," ती म्हणाली. ती 'मी' म्हणाली नाही, 'आपण' म्हणाली.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी शिकवत राहिलो: शोधताना आपल्याला काय ठाऊक आहे ते बाजूला ठेवा, लिहिणाऱ्याच्या जागी उभे राहा, त्याला काय दिसलं असेल ते विचारा. काहींनी ते मनावर घेतलं. या प्रकरणाची खात्याने चौकशी केली, तीत मला दोष लागला नाही. का लागला नाही, हे मला नीटसं समजलेलं नाही.

बाई अजून खाप्यात राहतात. वर्षातून एकदा मी जातो. त्या चहा करतात, आम्ही पावसापाण्याचं बोलतो, आणि मी दुपारच्या एसटीने परत येतो.