रविवारचं कोडं आणि दुपारची गाडी

सिरोंच्यात रविवारचा पेपर रविवारीच मिळेल, अशी खात्री मी गिऱ्हाइकाला कधी दिलेली नाही. बसस्टँडसमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे आणि त्याच्याच एका कोपऱ्यात पेपरची एजन्सी. नागपूरला छापलेला पेपर चंद्रपूर, आलापल्ली करत एस.टी.नं इथं पोचेपर्यंत दुपार होते, तीही रस्ता बरा असला तर. तो बरा असल्याचं मला आठवत नाही. उन्हाळ्यात धूळ आणि खड्डे, पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी. लोक सकाळीच मोबाइलवर बातम्या वाचून मोकळे होतात आणि दुपारी माझ्याकडून पेपर घेताना वर ऐकवतात, शिळाच आहे म्हणून. मी म्हणतो, मग नका घेऊ. असा धंदा करणारा माणूस बायकोनं दुसरा पाहिलेला नाही.

मला स्वतःला पेपर हवा असतो तो पुरवणीच्या शेवटच्या पानासाठी. तिथं एक शब्दकोडं येतं. राजधान्या आणि नद्या भरा, असलं सरळसोट नव्हे. याचा प्रत्येक संकेत आपल्याला भलत्या वाटेला लावण्यासाठीच लिहिलेला असतो. वरवर वाचला तर एक अर्थ, आणि उत्तर वाक्याच्या पोटात कुठेतरी दडवून ठेवलेलं. ते रचणारा माणूस कोण आहे ठाऊक नाही, पण गेली कित्येक वर्षं मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडतोय.

हे भांडण आम्ही तिघं मिळून करायचो. मी, इथल्या शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई, आणि त्यांच्याच वर्गात कधीकाळी मराठी शिकलेला, गोदावरीत मासे धरणारा एक भाऊ. त्याच्या घरात तेलुगू बोलतात. बाई मूळच्या झाडीपट्टीतल्या, वडशाच्या. इतकी वर्षं व्याकरण शिकवलं, पण वर्गाबाहेर आल्या की त्यांची बोली सुटायची आणि त्याची त्यांना लाज नव्हती. भाऊ मासळी विकून, हात साबणानं धुऊन यायचा, तरी पुरवणीला थोडा वास लागायचाच. मी त्यावर बोललो की तो म्हणायचा, तुमच्या दुकानाले डिंकाचा वास येते ते आमी काई म्हणतो का.

दुकानातल्या बाकावर पुरवणी पसरायची आणि पेन्सिल मध्ये ठेवायची. शब्द सापडला म्हणून लगेच लिहायचा नाही, आधी बाकीच्या दोघांना पटवून द्यायचं. एकदा संकेत आला होता, 'नवरात्रात लपलेला यजमान', तीन अक्षरं. भाऊ पुजाऱ्यापासून सुरू झाला. मी घटापर्यंत गेलो. बाई शांतपणे चहा पीत होत्या.

"देवळात काऊन जाता?" त्या म्हणाल्या. "शब्दातच पाहा ना जी."

भाऊनं 'नवरात्र' या शब्दाचं शेवटचं अक्षर बोटानं झाकलं आणि एकटाच हसायला लागला. 'नवरा' तिथं बसलेलाच होता. मला मात्र कोडंवाल्याचा इतका राग आला की मी पुढचा संकेत वाचायला नकार दिला. बाईंनी तो वाचला. राग येणं हा माझा सोडवण्याचा भाग आहे, असं त्या म्हणायच्या.

मध्यंतरी बँकेत बदलून आलेले एक साहेब आमच्यात बसू लागले. माणूस वाईट नव्हता. पण ते सकाळी अंथरुणातच मोबाइलवर पुरवणी उघडून कोडं सोडवायचे आणि दुपारी आमच्यापुढे कपाळाला आठ्या घालून, आत्ताच सुचल्यासारखे शब्द सांगायचे. दोन-तीन रविवार आम्ही थक्क झालो. मग एकदा त्यांनी संकेत वाचून व्हायच्या आधीच उत्तर दिलं. मी पेन्सिल ठेवली आणि तोंडाला येईल ते बोललो. साहेब गेले, ते परत आले नाहीत. त्यानंतर बाईंनी नियम घातला. गाडी येईपर्यंत कोडं कोणीच पाहायचं नाही. मोबाइलवर नाही, कोणी वाचून दाखवलं तरी कानावर घ्यायचं नाही. इथल्या गावात कोडं गाडीनं येतं, तेव्हा ते गाडी आल्यावरच सुरू होणार.

नियम सोपा वाटतो. पण पावसाळ्यात रपटे बुडाले की रविवारची पुरवणी मंगळवारी, कधी गुरुवारी यायची. सगळ्या महाराष्ट्रात लोक सोडवून विसरून गेलेलं कोडं आम्हाला ताजं असायचं. कधी तर दोन रविवारचे गठ्ठे एकदमच यायचे. दुसऱ्यात पहिल्याचं उत्तर छापलेलं असायचं, म्हणून तो मी गादीखाली घालून त्यावर बसायचो. गिऱ्हाइकानं मागितला तरी उठायचो नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण चालणं गेल्यासारखं झालं. पुण्याहून मुलगी गाडी घेऊन आली आणि आईला घेऊन जाते म्हणाली. ते बरोबरच होतं. इथं एकट्या बाईंना रात्री पाणी कोण देणार? मला हे सगळं कळत होतं आणि तरी मला ते नको होतं. उगीच आव आणत नाही. बाई गेल्या की कोडं गेलं, आणि कोडं गेलं की माझा रविवार म्हणजे दुकानात बसून माशा मारणं. माझ्याशी बरोबरीनं डोकं लढवणारं गावात दुसरं कोणी नव्हतं, आणि माझा तिरसटपणा इतका सहन करणारं तर नव्हतंच.

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि भाऊ त्यांच्याकडे गेलो. बाई खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या.

"जा लागते भाऊ," त्या मला म्हणाल्या. आम्हा दोघांनाही त्या भाऊच म्हणायच्या. "पोरगी आयकत नाई."

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "तुमची तर मजाच आहे. तिथं पेपर पहाटे दारात पडतो. आमच्या नियमातून सुटलात. चहाबरोबर कोडं सोडवा आता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पाहू," म्हणाल्या. परत येताना भाऊ माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच बसलो. निम्मी घरं भरली, त्यातलीही काही कच्ची. भाऊ म्हणाला, "बाईले फोन लावा ना."

"कशाला?" मी म्हणालो. "त्यांचं सकाळीच सोडवून झालं असेल. सोडवलेल्या माणसापुढे आपण चाचपडत बसायचं का?"

"मंग मी लावतो."

"माझ्या दुकानातून नाही."

असे पाचसहा रविवार गेले. भाऊ येत राहिला, पण त्याचंही मन लागत नव्हतं. अडलेल्या शब्दाशी आला की तो बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायचा आणि मला त्याचाही राग यायचा. खरं सांगायचं तर मी रुसलो होतो. कोणावर, ते मलाही सांगता आलं नसतं. बाईंनीही फोन केला नव्हता, आणि मी तेवढंच धरून बसलो होतो. पुण्याला गेल्या, नातवंडांत रमल्या, पेपर वेळेवर मिळतो, त्यांना आता इथलं काय.

मग पाऊस लागला. त्या शनिवारपासून आलापल्लीचा रस्ता बंद झाला. रविवारी गाडी आली नाही, सोमवारीही नाही. सोमवारी दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक भूमितीची पेटी बघत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईंची मुलगी होती. आवाज वैतागलेला.

"काका, तुमच्याकडे बस आली का?"

मी विचारलं, कसली बस.

"पेपरची. आमच्या घरात कालपासून रविवारची पुरवणी कोणाला बघायला मिळालेली नाही. आईनं उशीखाली घातलीये. दर रविवारी हेच. सकाळी पेपर आला की ही पुरवणी काढून घेते आणि दुपारपर्यंत धरून बसते. म्हणते, तिथं गाडी यायची आहे अजून. मग संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत राहते, आणि शेवटी एकटीच सोडवते. काल टीव्हीवर तुमच्याकडचा पूर दाखवला, तेव्हापासून तर पुरवणीची घडीसुद्धा मोडू देत नाही. मी म्हटलं, फोन करून विचार ना. तर म्हणे, आपण नाही विचारायचं, गाडी आली की तेच फोन करतात."

 समोरचं गिऱ्हाईक पेटीची किंमत विचारत होतं. मी त्याला हातानं थांबवलं. मग बाईंचा आवाज आला.

"भाऊ, गाडी आली काय?"

"नाई आली बाई," मी म्हणालो. माझ्याही तोंडातून त्यांचीच बोली निघाली. "रस्ता बंद आहे."

"बरं. मंग ठेवते तशीच." मग त्या म्हणाल्या, "मले वाटलं, तुमी दोघंच कोड्याले बसून राह्यले."

मला रडू आलं. गिऱ्हाइकाला वाटलं, घरातलं कोणी गेलं. ते पेटी ठेवून निघून गेलं.

बुधवारी पाणी उतरलं आणि गाडी आली. गठ्ठ्याची सुतळी कापायच्या आधी मी भाऊला बोलावणं धाडलं आणि पुण्याला फोन लावला. भाऊ ओल्या हातांनीच आला. फोन बाकावर मध्ये ठेवला, आवाज मोठा केला.

"आली बाई," मी म्हणालो.

 तिकडून आधी उशी सरकल्याचा आवाज आला, आणि मग तीन दिवस मिटून ठेवलेला कागद उलगडल्याचा.