सैलकाका आणि घट्ट बूट

सैलकाकांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर छापून येई. बाकी साऱ्या रस्त्याला ते सैलकाका म्हणूनच माहीत होते, आणि आता त्यांनाही कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं, कुणाला बोलावतायत म्हणून.

बूट दुरुस्तीचं त्यांचं दुकान एका चारमजली इमारतीच्या जिन्याखाली होतं. जिना जसजसा खाली उतरे तसतसं दुकानाचं छतही उतरे. त्यामुळे उंच गिऱ्हाईक दाराशी उभं राही, बुटकं गिऱ्हाईक स्टुलापर्यंत येई, आणि काका पार आत, सहाव्या पायरीखाली बसत. उठताना त्यांचं डोकं त्या पायरीला लागायचं. चाळीस वर्षं लागत होतं. समोरचा किल्लीवाला म्हणे, "काका, जपा. एखाद दिवस पायरी फुटेल."

सैलकाका हे नाव पडलं त्यालाही कारण होतं. लहानपणी त्यांच्या घरी वडिलांचा कायदा असा, की एक बूटजोड तीन वर्षं पुरली पाहिजे. पहिल्या वर्षी बूट मोठा व्हायचा, दुसऱ्या वर्षी बरा बसायचा आणि तिसरं वर्ष कसं जायचं ते पायालाच ठाऊक. अशा एका तिसऱ्या वर्षी काकांची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली, ती अडुसष्टाव्या वर्षापर्यंत उतरली नव्हती. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपल्या हातून गेलेला बूट कुणाला चावता कामा नये. मग दुरुस्ती टाचेची असो, बकलाची असो नाहीतर नुसत्या दोन टाक्यांची, काम झालं की काका त्या बुटात पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा घालत, फर्म्याचा स्क्रू दोन आटे फिरवत आणि बूट दोन दिवस तसाच ताणून ठेवत. त्याचे पैसे घेत नसत. गिऱ्हाइकाला सांगतही नसत. लोक बूट घालून चार पावलं टाकत आणि म्हणत, "काकांच्या हाताला गुण आहे हो." काका मान खाली घालून पुढचा बूट उचलत.

त्या दुकानात एका शनिवारी दातांच्या दवाखान्यातली मदतनीस आली. दवाखाना चार दारं सोडून पलीकडे, त्यामुळे तोंडओळख होती. तिच्या मैत्रिणी तिला पाल म्हणत. हे नाव काकांना कसंसंच वाटे, पण ती स्वतःच "मी पाल" म्हणून सांगे, तिथे आपण काय बोलणार.

तिने पिशवीतून जे काढून ठेवलं ते बूट आहेत हे काकांना वासावरून कळलं. आकारावरून कळलं नसतं. बारकेसे, पुढून पोपटाच्या चोचीसारखे वाकलेले, आणि पुढच्या टोकाला रबर झिजून आरपार.

"हे काय आहे?"

"चढायचे बूट, काका. भिंतीवर चढायचे."

"भिंतीवर चढायला जिना असतो."

"त्या भिंतीला नसतो," ती हसून म्हणाली. मग तिने समजावून सांगितलं. कापसाच्या जुन्या गोदामात आता चढाईचं केंद्र झालं होतं. चार माणसं उंच भिंत, तिला ठोकलेले रंगीत खडे, कमरेला दोर. ती रोज संध्याकाळी तिथे जाई. पुढच्या रविवारी तिथे शिकवणाऱ्यांची परीक्षा होती. पास झाली तर केंद्रात नोकरी. "सहा वर्षं लोकांच्या तोंडात दिवा धरून उभी आहे मी. आता पुरे झालं."

"मग नवे बूट घे की."

"नवे बूट पायाला बसायला महिना जातो. आणि सोल बदलून देणारा आहे तो दुसऱ्या गावात, तीन आठवडे लावतो. रबर मी आणलंय. नुसतं बसवून द्या."

काकांनी एका बुटात हात घालून पाहिला. बोटं आत आखडली. "पोरी, हे कुणी शिवलं? तुझं त्याचं काही वैर होतं का?"

"असेच असतात ते, काका."

चावऱ्या बुटाचं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं, हे काकांना चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. सोसायची सवय झालेली असते बिचाऱ्यांना. बुधवारी ये, असं त्यांनी सांगितलं.

काम त्यांनी मन लावून केलं, यात शंका नाही. गरम हवा मारून जुना सोल सोडवला, पुढची भोकं पातळ रबराने बुजवली, सोल्यूशनचे दोन हात दिले, नवं रबर ठोकून बसवलं, कातडं कापायच्या रापीने कडा छाटल्या आणि पॉलिश पेपरने इतक्या साफ केल्या की बोट फिरवलं तर जोड लागू नये. किल्लीवाला रस्ता ओलांडून बघायला आला. "खेळण्यातल्या होडीसारखे दिसतायत," म्हणाला. मग काकांनी फर्मे काढले. त्या वाकड्या बुटात एकही फर्मा धड जाईना. दोन छोटे फर्मे कसेबसे घुसवले, आणि पोरीचे हाल आठवून स्क्रू दोन नाही, चार आटे फिरवला.

बुधवारी संध्याकाळी पाल आली. सोल पाहून तिचा चेहरा खुलला. स्टुलावर बसून तिने बूट घातला आणि तो चेहरा तसाच थिजला.

"काका, हा गेला कसा?"

"काय गेला?"

"पाय."

"म्हणजे? बुटात पाय जायला नको?"

"असा नको. ओढून ताणून, दोन शिव्या घालून जायला हवा." तिने टाच हलवली. बूट जागेवर राहिला आणि टाच आतल्या आत फिरली.

"दोन दिवस फर्म्यावर होता," काका हळूच म्हणाले. "त्याचे पैसे नाहीत."

पाल ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती नुसती बुटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "रविवारी परीक्षा आहे." मग बूट तिथेच ठेवून निघून गेली.

काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. काकू परकरांना, पडद्यांना, जे येईल त्याला शिवण घालून देत. मशीन थांबवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाय दुखू नये म्हणून केलं मी," काका म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"पाय कुणाचे?"

"तिचे."

"मग जाऊन विचारा तिला. इथे माझ्यापुढे तोंड पाडून काय होणार?"

गुरुवारी काका आयुष्यात पहिल्यांदा भरदिवसा दुकान बंद करून कापसाच्या गोदामात गेले. आत माणसं कोळ्यांसारखी लोंबकळत होती. परीक्षेसाठी दवाखान्यातून सुट्टी घेतलेल्या पालीने त्यांना पाहिलं. राग असला तरी मोठं माणूस आपण होऊन आलंय म्हटल्यावर तिने खुर्ची दिली.

"खुर्ची नको," काका म्हणाले. "मला कळत नाहीये, ते कळू दे. घट्ट का लागतो?"

तिने तिथल्या फळीवरून दोन जोड काढले, एक काकांच्या मापाचा आणि एक दोन नंबर लहान. आधी मापाचा घालायला लावला. भिंतीच्या अगदी पायथ्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सुपारीएवढा एक खडा होता. त्यावर उभं राहायचं. काकांनी पाय टेकवला, वर भार दिला, आणि बूट खड्यावर राहून पाय आतल्या आत बाजूला निसटला. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग लहान जोड. तो चढवताना काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिसरं वर्ष आठवलं. पण खड्यावर पाय ठेवला तो खिळा ठोकल्यासारखा बसला. बोटांना खड्याचा कंगोरा कळत होता. काका दोन्ही हातांनी वरचे खडे धरून उभे राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली.

"काका, कळलं ना? या खाली."

"येतो. पण उतरू कसा?"

"पाय खाली टाका. जमीन तिथेच आहे."

शेजारी दोर धरून उभ्या असलेल्या दोन पोरांनी तोंडं फिरवली. काका उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "बोटं आखडून या कागदावर उभी राहा. तुझ्या पायाची रेघ घेतो."

रेघ घेतली खरी, पण सैल झालेलं कातडं घट्ट कसं करायचं हे काकांना माहीत नव्हतं. त्यांनी जन्मभर उलटीच विद्या केली होती. घरी येऊन ते बूट हातात घेऊन बसले.

काकूंनी मशीनवरून मान वर केली. "कोट सैल झाला तर मी काय करते?"

"काय करतेस?"

"चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून एवढंही पाहिलं नाहीत? उसवते आणि आत घेते."

काकांनी बुटाकडे पाहिलं. टाचेमागून निघून बोटांपर्यंत गेलेली रबराची एक पट्टी होती. सगळा बूट आवळून धरायचं काम तिचंच. ती उसवायची, ताणून आत घ्यायची.

शुक्रवार त्यातच गेला. लहान मुलांच्या मापाचा फर्मा घेऊन काकांनी तो कागदावरच्या रेघेबरहुकूम तासला, पुढे चामड्याचे तुकडे डकवून आखडलेली बोटं तयार केली. कातडं ओलं करून त्यावर चढवलं आणि पंख्याखाली वाळवलं. शनिवारी सकाळी पट्टी ताणून चिकटवली. किल्लीवाल्याने एक टोक पकडीने धरलं, दुसरं काकांनी. "कुणाचा गळा आवळताय का?" येणारंजाणारं विचारत होतं.

दुपारी पाल आली. काकूही मुद्दाम आल्या होत्या. तिने उजवा बूट ओढून चढवला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"कसा आहे?" काकांनी विचारलं.

"छान. जीव जातोय."

डावा चढवताना ती "आई गं" म्हणाली. काकांचा हात आपोआप फर्म्याच्या स्क्रूकडे गेला. काकूंनी त्या हातावर चापटी मारली. पण पाल निघण्याआधी काका म्हणाले, "डाव्याची कड जरा साफ करून देतो," आणि काकूंची पाठ वळताच त्यांनी डाव्या टाचेची पट्टी केसभर ढिली करून पुन्हा चिकटवली. केसभरच. स्वभावाला औषध नसतं.

रविवारी गोदामात दोन परीक्षक आले होते. दोन भिंती चढायच्या, पडायची मुभा एकदाच. पहिली भिंत पालीने अशी पार केली की तिचं नाव पाल का पडलं ते काकांना पटलं. दुसरी भिंत मध्ये पोट काढल्यासारखी बाहेर आलेली होती. त्या पोटाखाली एका बारक्या खड्यावर तिने डावा पाय टेकवला, भार दिला, आणि पाय निसटला. ती दोराला लटकली.

परीक्षकाने कागदावर खूण केली. "पाच मिनिटं विश्रांती. मग एकच संधी."

काका उठले. तिच्याकडे गेले. पाल बाकावर बसून डावी टाच दाबत होती.

"पोरी, तुझी चूक नाही," ते म्हणाले. "काल तू आई गं म्हणालीस. मी ढिली केली. केसभर."

पालीने त्यांच्याकडे पाहिलं. दवाखान्यात सहा वर्षं ओरडणारी माणसं सांभाळलेली मुलगी ती. एवढंच म्हणाली, "पाच मिनिटांत काय करता येईल?"

सोल्यूशन वाळायला चार तास लागतात. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, मग खाली वाकून स्वतःचा डावा बूट काढला, आतला चामड्याचा तळ ओढून बाहेर काढला. रापी खिशात होतीच. ती घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. टाचेपुरता तुकडा कापला, कडा तासल्या आणि पालीच्या डाव्या बुटात मागच्या बाजूला खुपसला. "घाल."

तिने ओढला. जाईना. पुन्हा ओढला. तिने दात खाल्ले, एक शिवी पुटपुटली, परीक्षकांनी ऐकली नाही असं दाखवलं.

"दुखतंय?" काकांनी विचारलं.

"खूप."

"असू दे," काका म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून कोणत्याही बुटाबद्दल पूर्वी निघाला नव्हता.

ती चढली तेव्हा त्यांनी वर पाहिलंच नाही, फक्त डाव्या पायाकडे पाहिलं. त्या बारक्या खड्यावर तो टेकला, थोडा थरथरला आणि राहिला. मग तो पाय वर गेला, पोटाच्या पलीकडे दिसेनासा झाला, आणि वरून घंटेचा आवाज आला. घंटा कसली ते काकांना माहीत नव्हतं, पण टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

पाल दोरावरून खाली आली आणि सगळ्यात आधी तिने दोन्ही बूट काढून फेकले. परीक्षकाने कागदावर सही करून तो तिच्या हातात दिला. मग ती अनवाणीच काकांकडे आली.

"काका, झाले पास."

"डावा फार दुखला का? सोमवारी आणून दे, मी जरा..."

"नाही," ती म्हणाली. "त्याला हात लावायचा नाही."

काका घरी पोचले तेव्हा काकू पडद्याला चुण्या घालत होत्या.

"काय झालं?"

"पास झाली."

"मग तुम्ही लंगडताय कशाला?"

काका खाली बसले आणि त्यांनी डावा बूट काढला. तळाविना पाय सगळा रस्ता त्यात नाचत आला होता. टाचेवर चांगला रुपयाएवढा फोड उठला होता.

"बूट सैल होता," ते म्हणाले.

काकूंनी मशीन थांबवलं. हसू आवरल्यावर त्या उठल्या, फोडावर लावायला मलम शोधायला.