कोणाचं दार वाजवाल?

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, पुढे मंत्रालय शहराबाहेर नव्याने वसवलेल्या नवा रायपुरात गेलं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे आम्हीही तिकडे राहायला गेलो. बाबा गेल्यापासून आई जुन्या शहरातल्या पुरानी बस्तीत एकटीच होती, तिलाही सोबत आणलं. मोठाले रस्ते, दुतर्फा एकसारख्या इमारती आणि बंद दारं. पहिले कितीतरी दिवस मी सकाळी उठून उगाच बाल्कनीत जायची, आत यायची, पुन्हा जायची. जीव कशातच रमत नव्हता.

त्याच सुमारास मला काम मिळालं. विद्यापीठातल्या एक मॅडम नव्या वसाहतीतली माणसं एकमेकांशी कशी जोडली जातात, यावर संशोधन करत होत्या. घरोघरी जाऊन मी विचारायची, "अडचण आली तर घरच्यांशिवाय कोणाचं दार वाजवाल?" बरेच जण विचारात पडायचे. एकीने हसून मलाच उलट विचारलं, "और दीदी, आप?" मी पुढच्या प्रश्नावर गेले. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. दुपारी मुलाखती घेताना मी दोनदा तोच प्रश्न विचारून बसले.

आईला मात्र माझ्या कामाचं हसू यायचं. म्हणायची, "लोकायले असं विचारावं लागते का? जा अन् बस."

मे महिन्यातली गोष्ट. नवरा दौऱ्यावर होता. सकाळी चहा घेऊन आई "येतो जरा" म्हणून गेली, ती जेवायची वेळ टळली तरी आली नाही. फोन लावला, तर तो तिच्याच उशीखाली वाजला. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आईचा बीपी, तिच्या त्या घसरणाऱ्या चपला, सगळं एकदम आठवलं. फोन हातात होता, पण लावायचा कोणाला? आमच्या इमारतीतल्या एकाही माणसाचा नंबर माझ्याकडे नव्हता.

खालच्या मजल्यावरचं दार वाजवलं. एका बाईंनी ते उघडलं; त्या बिलासपूरच्या, हे मला नंतर कळलं. मी नाव सांगायच्या आतच त्या म्हणाल्या, "अच्छा, आप काकी की बेटी हैं! काकी तो सुबह आई थीं, फिर सिलाई वाली दीदी के यहाँ जा रही थीं."

ही सिलाईवाली दीदी कोण, कुठली, मला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी बोट दाखवलं तिकडे पळाले. शेजारच्या इमारतीत एक बाई मशीनवर बसली होती, आजूबाजूला पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या कापडाचे गठ्ठे. "काकीनेच मले गिऱ्हाईक आणून दिले," ती म्हणाली. ती गोंदियाची निघाली. इतक्या जवळ मराठी बोलणारी बाई राहते, हे मला माहीतच नव्हतं! "गेटवाल्या भैयाले विचारा. तो पाह्यते तिले जातायेता."

गेटवरच्या माणसाने मला आपादमस्तक न्याहाळलं. "हव दीदी, दाई ओ पार गे हे," आई पलीकडे गेली, असं छत्तीसगढीत सांगत त्याने रस्त्यापलीकडची इमारत दाखवली. तो रुंद रस्ता ओलांडताना तळपाय भाजत होते. घाईत मी चप्पलच घातली नव्हती.

पलीकडे पहिल्याच मजल्यावर दार अर्धवट उघडं होतं. आत आई जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिच्या पायांवर एक इवलंसं बाळ निजलं होतं. बाजूला त्याची आई, विशीतली पोरगी, रडून सुजलेल्या डोळ्यांनी भिंतीला टेकून झोपली होती.

"काहून धापा टाकून राहिली?" आई कुजबुजली.

"किती वेळची शोधतेय तुला! फोन घरी. एक निरोप द्यायचा नाही?"

"हळू बोल. सकाळपासून दूधच पीत नव्हतं हे. पोट्टी घाबरून गेली, नवरा ऑफिसात. आता कुठं डोळा लागला दोघायचा. उठू कशी मी?"

मी तिथेच बसले. सुटका झाल्यासारखं वाटलं आणि रागही आला. तो कोणावर, हे मला समजेना. ती या वसाहतीत माझ्यासोबतच आली होती. मी इथल्या कितीतरी घरांत पाणी पिऊन, प्रश्न विचारून बाहेर पडले होते. तिने त्याच दिवसांत इतकी घरं आपलीशी केली होती. आणि आज त्या सगळ्यांनी मला ओळखलं ते तिची मुलगी म्हणूनच.

मॅडमना पुढे हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असं एखादं माणूस काढून घेतलं ना, तर सगळी वस्ती सुटी सुटी होते." मला लगेच पुरानी बस्तीतला आमचा पारा, आमचा तो जुना मोहल्ला, आठवला. आई निघाल्यावर तिथे काय झालं असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पलीकडून निरोप आला, बाळ फार रडतंय म्हणून. आईचे गुडघे दुखत होते.

"तू जा," ती म्हणाली.

"मला काय येतं त्यातलं?"

"काई येऊ नको दे. जा नुसती."

मी गेले. बाळ माझ्या खांद्यावरही रडतच राहिलं. ती पोरगी आणि मी आळीपाळीने त्याला घेऊन त्या छोट्या खोलीत फेऱ्या मारत राहिलो, तिचा नवरा येईपर्यंत.