बसा न काकाजी, सोडून देतो

नंदनवन वस्तीतल्या चंपतराव निखाड्यांना म्हातारपणी चालण्याचं खूळ लागलं, आणि चालायचं तेही कुठं, तर नहराच्या पाळीवर, म्हणजे कालव्याच्या बांधावर. महाल भागातल्या कापडाच्या दुकानात काउंटरमागं उभं राहून सारी हयात साड्या उलगडण्यात गेली. असा माणूस रिटायर झाल्यावर पलंग सोडणार नाही, अशी साऱ्या गल्लीची खात्री होती. पण रविवार उजाडला की पिशवीत पाण्याची बाटली, फडक्यात दोन पोळ्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि स्वारी कन्हानच्या बसमध्ये. नहराच्या पुलावर उतरायचं, पाळीपाळीनं शिंगाड्याच्या तळ्यापर्यंत जायचं, त्याला वळसा घालून पलीकडच्या फाट्यावर परतीची बस धरायची. ना चढ, ना उतार. गुडघे खूश.

त्यांची बायको गोपिकाबाई मात्र शेजारच्या लतिकाकडे गाऱ्हाणं करत. "याले म्हणे ट्रेकिंग म्हणतेत. डोंगर नाई, दरी नाई, परातीवानी सपाट. मी सैपाकघरात याच्याहून जास्त ट्रेकिंग करून राहिली वं."

आणि लतिकाच्या कानात पडलेलं संध्याकाळपर्यंत पुण्यात पोचतं, हे नंदनवनात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर चंपतरावांना न्हाणीघरात चक्कर आली, ती त्यांच्याआधी त्यांच्या मुलाला कळली. गौरांग पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यानं फोनवर फर्मानच काढलं: उन्हाळ्याच्या आत घर विकायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं.

"काहून?" चंपतराव म्हणाले. "मी कोसभर चालतो दर रविवारी."

"चालता कुठं? तुम्हीच तर सांगता, दर वेळी कोणीतरी गाडीवर सोडून देतं."

खरं दुखणं हेच होतं. त्या भागातल्या लोकांना हौसेनं चालणारा माणूस माहीतच नाही. पाय वापरतो म्हणजे गाडी बंद पडली असेल, बस चुकली असेल, नाहीतर घरात भांडण झालं असेल. पाळीवर म्हातारा दिसला की मोटरसायकल थांबलीच. मागं दुधाचे कॅन असोत, युरियाची गोणी असो, सख्खी बायको असो, सगळं सरकवून वीतभर जागा करतील आणि म्हणतील, "बसा न काकाजी, सोडून देतो." आणि चंपतरावांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. बसायचे बिचारे. अख्खी पाळ पायी अशी त्यांची एकदाही झाली नव्हती.

"ठीक आहे," गौरांग म्हणाला. "पुलापासून फाट्यापर्यंत पूर्ण पायी जाऊन दाखवा. कोणाच्या गाडीवर बसलात की संपलं. जमलं तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही."

घर पणाला लागलं, तेव्हा कुठं चंपतरावांनी नाही म्हणायची प्रॅक्टिस सुरू केली. आरशासमोर. गोपिकाबाई दारातून बघत होत्या. "मले तं अर्धा जनम नाई म्हनत आले, तवा बरं जमे," एवढंच म्हणाल्या.

त्या रविवारी पुलावर उतरून शंभर पावलं झाली नाहीत, तोच पहिली गाडी. "बसा काकाजी."

"नाही भाऊ, मी चालतो."

"पैसे नाई घेत जी."

"पैशाचं नाही. मले चालायचंच हाय."

"काहून?"

आता याला काय उत्तर? तब्येतीसाठी म्हणावं, तर तो म्हणे, तब्येत खराब हाय तं चालून काहून राहिले? मजेसाठी म्हणावं, तर तो वरपासून खालपर्यंत बघे. दुसऱ्या गाडीवाल्याला चंपतरावांनी नवस आहे म्हणून सांगितलं. त्यानं कोणत्या देवाचा ते विचारलं, आणि देवाचं नाव सुचेपर्यंत पाव मैल बाजूनं गाडी ढकलत आला. तिसरीवर एक बाई मागं बसली होती. ती खाली उतरून म्हणाली, तुम्ही बसा भाऊजी, मी येते पायी. तिला परत चढवता चढवता चंपतरावांना घाम फुटला. तळ्यात ढोकरी बगळा एका पायावर उभा होता, शिंगाड्याच्या वेलांतून डोंगा सरकत होता, गार वारं सुटलेलं. पण बघायला सवड कोणाला? माणूस तळं बघेल की लोकांची माणुसकी चुकवेल?

मग आला रुपराव. फाट्यावर याचं चहाचं दुकान. गडी मनानं मोठा, आणि हाच त्याचा ताप. चंपतरावांनी नाही म्हटलं तसं त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि फटफट करत त्यांच्या शेजारून चालवू लागला.

"घरी काही झालं का काकाजी?"

"काही नाही झालं."

"सूनबाई काही बोलली?"

"सून पुण्यात हाय."

"मंग काकू बोलल्या असतीन. होते तसं. आमची बी बोलते." थोडं पुढं गेल्यावर पुन्हा, "पण घर सोडून जाऊ नोका जी. जाऊन कुठं जासान?"

घर सुटू नये म्हणून तर हा सगळा उपद्व्याप, हे सांगायचं चंपतरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. दम टिकवायचा म्हणून गिळलं. सायलेन्सरचा धूर खात ते चालले, तळ्याचा वळसा संपला, गव्हाची शेतं मागं पडली, आणि लाल तोंडानं, लंगडत, पण स्वतःच्या पायांनी ते फाट्यावर पोचले.

रुपरावानं त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. एका हातात चहा दिला, दुसऱ्यात तर्रीपोह्याची प्लेट. असे दोन्ही हात अडकलेले असताना खिशातला फोन वाजला. चंपतराव प्लेट ठेवायला जागा शोधताहेत, तेवढ्यात रुपरावानं फोन काढून कानाला लावलासुद्धा.

"हव, हव. तुमचे बाबूजी माह्यापाशीच हाय," तो म्हणाला. पुण्यातला आवाज काळजीचा वाटला असणार, कारण रुपरावाचा ऊर एकदम मायेनं भरून आला. "अजिबात टेन्शन नोका घेऊ साहेब. गाडीवर बसवून आणलं मी. एक पाऊल चालू देलं नाई त्याईले."

चहा चंपतरावांच्या मांडीवर सांडला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. चंपतरावांनी फोनवर शपथा घेतल्या. पण प्रत्येक साडीचा रंग पक्का म्हणून शपथ घेण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या शपथेला त्याच्याच घरात काय किंमत? रुपरावाला पेच कळला तसा त्यानं कान पकडले आणि गौरांगला परत फोन लावला. मी लबाड बोललो साहेब, बाबूजी खरंच पायी आले. गौरांग शांतपणे म्हणाला, "बाबा, साक्षीदार पढवू नका." घरी गोपिकाबाईंनी चहाचा डाग धुतला आणि विचारलं, "मले तरी खरं सांगा, बसले होते न?" तिसऱ्या दिवशी चंपतराव पुण्याला फोन करून एवढंच म्हणाले, "तूच ये. डोळ्यानं पाह्य."

गौरांग आला. नवे कोरे ट्रेकिंगचे बूट, पाठीवर सॅक, सॅकमधून नळी थेट तोंडात. बसमध्ये लोक वळून वळून बघत होते. पुलावर उतरताच चंपतरावांनी नियम सांगितला: गाडीचा आवाज आला की समोर बघायचं. नजर मिळाली की मेलो.

पहिल्या दोन गाड्या निभावल्या. तळ्यापाशी नव्या बुटांनी टाच सोलली. गौरांग आधी हळू झाला, मग मागं पडला. चंपतरावांनी दोनदा थांबून वाट बघितली. तिसऱ्यांदा थांबले नाहीत, कारण मागून ओळखीची फटफट ऐकू आली होती.

"नाही नाही, थँक्यू," गौरांगचा आवाज आला.

"लंगडून राहिले न साहेब."

"वडील पुढे चाललेत माझे."

"त्याईले मी वळखतो जी. ते नाई बसत. तुमी बसा."

चंपतरावांनी मान वळवली नाही. थोड्या वेळानं मोटरसायकल बाजूनं पुढं गेली. रुपरावाच्या मागं, सॅक पोटाशी धरून, पुण्याचा साहेब बसला होता. त्यानंही बापाकडे बघितलं नाही.

उरलेली वाट चंपतराव सावकाश चालले. तळं पहिल्यांदाच निवांत दिसलं. फाट्यावर पोचले तर गौरांग बूट काढून खुर्चीत, हातात तर्रीपोहा. रुपराव त्याच्या टाचेला हळद लावत होता.

"बाबा," गौरांग प्लेटमध्ये बघत म्हणाला, "हा माणूस ऐकतच नाही हो. किती वेळा नाही म्हणायचं?"

"मले काय सांगतं?" चंपतराव म्हणाले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. "घराचं काय ते बोल."

"राहा तुम्ही तिथंच," गौरांग म्हणाला. "पण एक सांगा. आता बसस्टॉपपर्यंत हा सोडायला येणार का?"

बसस्टॉप रस्त्याच्या पलीकडेच होता. रुपरावानं गाडीची चावी आधीच हातात घेतली होती.